झगमगाटाआडचा फारुख बलसारा

१३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर सायंकाळचे ऊन अजून रेंगाळत होते. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी निधी उभारण्याच्या हेतूने भरलेल्या ‘लाइव्ह एड’ या मैफलीत दुपारपासून एकाहून एक नामवंत कलावंत हजेरी लावून गेले होते. समोर सुमारे ७२ हजार श्रोते होते आणि शंभराहून अधिक देशांत दूरचित्रवाणी संचांपुढे कोट्यवधी प्रेक्षक बसले होते. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला अवधी जेमतेम वीस मिनिटांचा. पावणेसातच्या सुमारास पांढरी बनियन आणि फिकट जीन्स घातलेला एक मिशाळ माणूस धावतच रंगमंचावर आला आणि पियानोपाशी बसला. पुढच्या वीस-एकवीस मिनिटांत सहा गाणी झाली. ती संपली तेव्हा त्या दिवसाची मैफल कोणाची, याविषयी फारसा वाद उरला नव्हता. २००५ साली ब्रिटनमधील संगीतक्षेत्रातील जाणकारांच्या एका कौलात रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वोत्तम प्रत्यक्ष सादरीकरण म्हणून याच वीस मिनिटांची निवड झाली.

तो माणूस म्हणजे ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक, गीतकार आणि संगीतकार फ्रेडी मर्क्युरी. भपका, झगमगाट आणि अतिरेक हे शब्द त्याच्या नावाला कायमचे चिकटलेले आहेत. बॅले नर्तकाचे तंग कपडे, चमकत्या टिकल्या, रंगवलेली नखे, मुकुट आणि राजवस्त्र या साऱ्यांचा त्याने मनमुराद वापर केला. वेम्बलीच्या त्या सायंकाळी मात्र यातले काहीच त्याच्यापाशी नव्हते. दिवसाउजेडी प्रकाशयोजनेचा उपयोग नव्हता, नेपथ्य सर्वांसाठी एकच होते. तरीही ७२ हजार माणसांचे हात एकाच तालावर डोक्याच्या वर उठत होते. फ्रेडीचा झगमगाट कपड्यांत नव्हता, तर मोठ्या कष्टाने कमावलेल्या कसबात होता, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले. याच झगमगाटाचा त्याने आडोसाही केला होता, हे कळायला मात्र आणखी सहा वर्षे जावी लागली.

झांजिबार ते पाचगणी

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, त्यावेळी ब्रिटिश संरक्षणाखाली असलेल्या झांजिबार बेटावरील स्टोन टाऊन येथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्याचा जन्म झाला. वडील बोमी आणि आई जेर हे दोघेही गुजरातमधील पारशी. बलसार म्हणजे आजचे वलसाड. कुटुंबाचे आडनाव त्या गावावरूनच आलेले. बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घरची स्थिती चांगली, वळण शिस्तीचे आणि श्रद्धा पारशी धर्मावर. १९५२ साली धाकटी बहीण कश्मिरा हिचा जन्म झाला.

मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आई-वडिलांनी त्याला आठव्या वर्षी समुद्रापार पाठवले ते थेट सातारा जिल्ह्यातील पाचगणीला. तेथील सेंट पीटर्स ही मुलांची निवासी शाळा ब्रिटिश धाटणीची होती. झांजिबारहून मुंबई आणि तेथून घाटरस्त्याने पाचगणी एवढा तो प्रवास. त्यामुळे घरी जाणे वारंवार शक्य नव्हते. सुट्टीचे दिवस अनेकदा मुंबईतील नातेवाइकांकडे जात. एवढ्या लहान वयात घरापासून तुटलेल्या मुलाला दोन गोष्टी लवकर शिकाव्या लागतात. आपले मन आपल्यापाशी ठेवायचे आणि चारचौघांत आपली जागा निर्माण करायची. फ्रेडीच्या पुढील आयुष्यात या दोन्ही सवयी ठळकपणे दिसतात.

‘फ्रेडी’ हे नाव त्याला पाचगणीतच मिळाले. पियानोचे पद्धतशीर धडेही तेथेच सुरू झाले आणि त्यातील चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या. टेबल टेनिस आणि मुष्टियुद्ध यांतही त्याला गती होती. १९५८च्या सुमारास शाळेतील पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची त्या काळी गाजणारी गाणी ही मुले वाजवीत असत. पुढे लाखोंच्या समुदायाला एका हाताच्या इशाऱ्यावर खेळवणारा फ्रेडी त्या वाद्यवृंदात मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर असे आणि पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. जबड्यात चार दात जास्तीचे असल्याने त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते आणि त्यावरून मुले त्याला चिडवीत. हसताना ओठांनी किंवा हाताने दात झाकण्याची त्याची सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

त्या वयात तो टपाल तिकिटेही जमवीत असे. वडिलांच्या छंदातून मिळालेली ही आवड. काळ्या कागदावर रंग आणि आकार यांचा मेळ साधत त्याने तिकिटे लावलेली आहेत. हा संग्रह आज लंडनच्या टपाल संग्रहालयाकडे आहे. मांडणीची ही ओढ पुढे त्याच्या संगीतातही उतरली.

नवे नाव, नवा माणूस

१९६०च्या दशकाच्या प्रारंभी फ्रेडी झांजिबारला परतला. परंतु तेथील वास्तव्य अल्पकाळच टिकले. जानेवारी १९६४मध्ये बेटावर रक्तरंजित क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथवली गेली आणि अरब व भारतीय वंशाच्या हजारो लोकांना परागंदा व्हावे लागले. बलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठले आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात एका लहानशा घरात नव्याने संसार मांडला. सतरा वर्षांच्या फारुखसाठी हे तिसरे स्थलांतर होते.

लंडनमध्ये त्याने ईलिंग कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनची पदविका १९६९ साली मिळवली. शिक्षण चालू असताना आणि नंतरही त्याने हीथ्रोवर सामानाची चढ-उतार केली आणि केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. या दुकानात त्याचा भागीदार होता ड्रमवादक रॉजर टेलर. टेलर आणि खगोलभौतिकीचा विद्यार्थी असलेला गिटारवादक ब्रायन मे ‘स्माइल’ नावाच्या वाद्यवृंदात होते. त्यांचा गायक बाहेर पडल्यावर १९७० साली फ्रेडीने ती जागा घेतली. वाद्यवृंदाचे ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले. पुढील वर्षी बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. ही चौकडी फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत एकदाही फुटली नाही, हे रॉकच्या जगात दुर्मीळच म्हणावे लागेल.

याच सुमारास बलसारा आडनाव मागे पडले आणि ‘मर्क्युरी’ आले. इंग्रजीत या शब्दाला तीन अर्थ आहेत : बुध ग्रह, रोमन पुराणातील देवांचा निरोप्या आणि पारा. चकाकणारा, चंचल आणि चिमटीत न सापडणारा पारा या माणसाला विलक्षण शोभला. वाद्यवृंदाचे बोधचिन्हही फ्रेडीनेच रेखाटले. चौघांच्या राशींवरून घेतलेले दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या, आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. ज्यांची एकही ध्वनिमुद्रिका अद्याप निघालेली नाही अशा चार तरुणांचे हे राजचिन्ह होते. यश येण्यापूर्वीच यशाचा पोशाख शिवून ठेवण्याची ही रीत होती. अनेकांना ती उद्धटपणाची वाटली. पण ज्याला आपले गाव, घर आणि नाव तीनही मागे टाकावे लागले, त्याने स्वतःला नव्याने रेखाटावे यात अस्वाभाविक काही नव्हते.

सहा मिनिटांचे धाडस

१९७३ साली क्वीनचा पहिला अल्बम आला. १९७४च्या ‘किलर क्वीन’ने वाद्यवृंदाला ब्रिटनमध्ये लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेले. परंतु ज्या गाण्याने फ्रेडी हा रचनाकार म्हणून वेगळा ठरला ते ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झाले. हे गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे आहे. तीन मिनिटांहून लांब गाणे रेडिओ केंद्रे वाजवणार नाहीत, असा त्या काळचा व्यवसायातील ठोकताळा होता.

लांबीपेक्षाही धाडस होते ते रचनेत. लोकप्रिय गाण्यात साधारणपणे कडवे आणि ध्रुवपद यांची आवर्तने असतात. या गाण्यात ध्रुवपदच नाही. वाद्यांची जवळजवळ साथ नसलेला समूहस्वर, मग पियानोवरील संथ आणि हताश कबुली, गिटारचा तुकडा, त्यानंतर अकस्मात इटालियन ऑपेराचे विडंबन वाटावे असा गलबला, मग कर्कश रॉक आणि अखेरीस पुन्हा शांतता, असे हे टप्पे एकामागोमाग येतात. ऑपेराच्या भागातील प्रचंड समुदायाचा भास केवळ तीन गळ्यांतून निर्माण केला आहे. मंद्र ते तार अशा निरनिराळ्या स्वरपट्ट्यांत फ्रेडी, मे आणि टेलर पुनःपुन्हा गात आणि ते आवाज ध्वनिफितीवर एकावर एक चढवले जात. असे सुमारे १८० थर दिले गेल्याचे सांगितले जाते. एवढ्याशा भागासाठी सुमारे तीन आठवडे लागले. संगणकाच्या साहाय्याने आज जे काही तासांत होईल, ते तेव्हा फीत झिजेपर्यंत हाताने करावे लागले. या सर्वांचा आराखडा फ्रेडीच्या डोक्यात तयार होता आणि इतरांना तो तुकड्या-तुकड्यांनी उलगडत गेला.

लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट याने एका शनिवार-रविवारी हे गाणे १४ वेळा वाजवले आणि ठोकताळा मोडला. गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. दूरचित्रवाणीसाठी अवघ्या चार तासांत चित्रित केलेली त्याची फीत ही पुढे आलेल्या संगीत-व्हिडिओंच्या युगाची नांदी मानली जाते. गाण्याचा अर्थ काय, हा प्रश्न फ्रेडीला आयुष्यभर विचारला गेला आणि त्याने तो आयुष्यभर टाळला. एक कबुली, एक अपराध, एक सुटका असे काही तरी त्यात आहे. त्यापलीकडचे ऐकणाऱ्याने आपापले शोधावे, अशी त्याची भूमिका होती.

गीतकार म्हणून त्याची चंचल वृत्ती चटकन लक्षात येते. ‘समबडी टू लव्ह’मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील समूहगायनाचा बाज घेतला, तर ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या काळातील रॉक अँड रोल. १९७७चे ‘वुई आर द चॅम्पियन्स’ तर श्रोत्यांनी गावे म्हणूनच रचले गेले. जगभरातील क्रीडांगणांवर ते आजही गायले जाते आणि गाणाऱ्या कित्येकांना त्याच्या कर्त्याचे नाव ठाऊकही नसते.

आवाज आणि रंगमंच

फ्रेडीने गायनाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. ऑस्ट्रिया, झेक प्रजासत्ताक आणि स्वीडन येथील संशोधकांनी २०१६ साली त्याच्या ध्वनिमुद्रणांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. बोलण्याच्या पट्टीवरून तो बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खर्ज आवाजाचा असावा. गाताना मात्र तो टेनरच्या चढ्या पट्टीत वावरे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच्या स्वरातील कंप सेकंदाला सुमारे सात आंदोलनांचा, म्हणजे बहुतेक शास्त्रशुद्ध गायकांपेक्षा जलद आणि काहीसा अनियमित होता. आवाजात धार आणायची असेल तेव्हा तो नेहमीच्या स्वरतंतूंखेरीज त्यांच्या वरच्या घड्याही कंपित करीत असावा, असेही संशोधकांना दिसले. पैसा आणि प्रसिद्धी आल्यावरही त्याने दातांवर शस्त्रक्रिया करून घेतली नाही. आवाज बदलेल, ही भीती त्याला होती. ज्या दातांची लाज वाटे तेच त्याने आवाजासाठी सांभाळले.

रंगमंचावरील त्याच्या खुणाही अशाच घडल्या. प्रारंभीच्या काळात एका कार्यक्रमात ध्वनिक्षेपकाचा खांब मधोमध निखळला. खालचा जड भाग टाकून वरचा दांडा घेऊनच तो गात राहिला आणि मग तो अर्धा दांडा हीच त्याची ओळख झाली. कधी तो राजदंड होई, कधी गिटार, कधी तलवार. पोशाखकार झँड्रा ऱ्होड्स हिने शिवलेला पंखांसारखा पांढरा अंगरखा, चौकटीचे तंग कपडे, पुढे चामड्याची टोपी आणि १९८० पासून भरघोस मिशी, असे त्याचे रूप सतत बदलत गेले. १९७९ साली लंडनमध्ये रॉयल बॅलेच्या नर्तकांसोबत त्याने नृत्यही केले. १९८६च्या अखेरच्या दौऱ्यात तो मुकुट आणि राजवस्त्र लेवून श्रोत्यांचा निरोप घेई.

या सर्वांमागे एक साधे सूत्र होते. मैदानातील सर्वांत शेवटच्या रांगेतील माणसालाही आपण या खेळात सामील आहोत असे वाटले पाहिजे. तो एक आलाप घेई, समुदायाकडून तो जसाच्या तसा म्हणवून घेई, मग अवघड करी, पुन्हा म्हणवून घेई आणि अखेरीस थट्टेने सोडून देई. १९८१ साली ब्राझीलमधील साओ पावलोच्या मैदानात एका रात्री सुमारे एक लाख ३१ हजार लोक जमले होते. इंग्रजी न समजणाऱ्या त्या समुदायाने त्याची इंग्रजी गाणी त्याच्यासोबत गायली. १९८६मध्ये पोलादी पडद्याआडच्या बुडापेस्टमध्येही हेच घडले.

अर्थात सर्वांनाच हे रुचत नव्हते. पंक संगीताच्या बंडखोर काळात क्वीनचा थाट समीक्षकांना पोकळ वाटे आणि त्यांनी तो निर्दयपणे झोडपला. १९८४ साली वर्णभेदी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटी येथे कार्यक्रम करण्याचा क्वीनचा निर्णय तर अधिक गंभीर चूक होती. सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याबद्दल ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्यांचे नाव गेले. आपण राजकारणी नाही, केवळ श्रोत्यांसाठी गातो, हे त्यांचे स्पष्टीकरण फारसे पटण्याजोगे नव्हते. त्याच वर्षी ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेष केला. ब्रिटनमध्ये तो विनोद म्हणून खपला, अमेरिकेत मात्र रोष ओढवला. ‘लाइव्ह एड’ला निघालेला क्वीन हा असा काहीसा डळमळलेला वाद्यवृंद होता. म्हणूनच वीस मिनिटांसाठी त्यांनी तीन दिवस तालीम केली.

पडद्याआड

रंगमंचावर इतका मोकळा असणारा हा माणूस खाली उतरताच मिटून जाई. मुलाखती त्याला नकोशा वाटत. झांजिबार, पाचगणी, पारशीपण याविषयी तो क्वचितच बोले. १९७०च्या दशकातील ब्रिटनमध्ये आशियाई स्थलांतरितांना मिळणारी वागणूक पाहता त्याचे मौन समजण्यासारखे आहे. फ्रेडी असेपर्यंत क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही.

खासगी आयुष्याबाबत तो याहून अबोल होता. तरुणपणी मेरी ऑस्टिन हिच्यासोबत त्याने काही वर्षे संसार केला. १९७०च्या दशकाच्या मध्यास त्याने तिला आपल्या लैंगिकतेविषयी सांगितले आणि ते नाते संपले. मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. आपले केन्सिंग्टनमधील ‘गार्डन लॉज’ हे घर त्याने तिच्याच नावे ठेवले. आयुष्याची शेवटची सहा-सात वर्षे त्याचा जोडीदार जिम हटन त्याच्यासोबत होता. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील संबंध १९६७पर्यंत गुन्हा होते. कायदा बदलला तरी समाजाची नजर लगेच बदलली नव्हती. त्यातच फ्रेडीचे आई-वडील श्रद्धाळू होते. त्यांना दुखवायचे नाही, हा त्याचा निर्धार होता.

एप्रिल १९८७च्या अखेरीस त्याला एड्सचे निदान झाले. त्याच महिन्यात राजकन्या डायानाने लंडनच्या एका रुग्णालयात एड्सग्रस्ताशी हातमोजे न घालता हस्तांदोलन केले आणि ती जगभरची बातमी ठरली. हस्तांदोलनाचीही बातमी व्हावी, एवढी त्या आजाराची धास्ती होती. फ्रेडीने आजार मोजक्या लोकांनाच सांगितला आणि तो कामाला लागला. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्त्सेरात काबाये हिच्या आवाजाचा तो भक्त होता. १९८८ साली दोघांचा ‘बार्सेलोना’ हा अल्बम आला. रॉक गायक आणि ऑपेराची सम्राज्ञी यांनी बरोबरीने गावे, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना विचित्र वाटली. त्याचे शीर्षकगीत पुढे १९९२च्या बार्सेलोना ऑलिम्पिकशी कायमचे जोडले गेले. ते पाहण्यास फ्रेडी मात्र नव्हता.

क्वीनच्या सहकाऱ्यांनी बाहेर अवाक्षर काढले नाही. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून गाण्यांचे श्रेय एकट्यादुकट्याला न देता चौघांच्या नावे देण्यास सुरुवात झाली. ‘इन्युएन्डो’ हा अल्बम फेब्रुवारी १९९१मध्ये आला. त्यातील अखेरचे गाणे प्रामुख्याने ब्रायन मेने रचलेले होते. त्यातील चढे स्वर फ्रेडीला झेपतील का, ही शंका मेला होती. कारण तोवर त्याला चालणेही कठीण झाले होते. व्होडकाचा एक घोट घेऊन फ्रेडी उभा राहिला आणि त्याने ते गाऊन दाखवले, ही आठवण मे नंतर सांगत असे. मे १९९१मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत त्याने शेवटचे ध्वनिमुद्रण केले. आपल्या पश्चात सहकाऱ्यांनी ती गाणी पूर्ण करावीत म्हणून जितके गाता येईल तितके तो गाऊन ठेवत होता. ती १९९५च्या ‘मेड इन हेवन’मध्ये आली.

दरम्यान टॅब्लॉइड वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्याच्या घराबाहेर पहारा देत होते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच्या नावे एक लहानसे निवेदन प्रसिद्ध झाले. आपल्याला एड्स आहे, निकटच्या लोकांचे खासगीपण जपण्यासाठी हे आजवर गुप्त ठेवले, आणि आता सर्वांनी या रोगाविरुद्धच्या लढ्यात सामील व्हावे, एवढाच त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. तो ४५ वर्षांचा होता. तीन दिवसांनी पश्चिम लंडनमधील दाहगृहात त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. जगाला मर्क्युरी म्हणून ठाऊक असलेला माणूस आपल्या आई-वडिलांचा फारुख म्हणून गेला.

त्याने आधी बोलायला हवे होते काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. एवढ्या लोकप्रिय कलावंताने चार वर्षे आधी आजार उघड केला असता, तर कित्येक रुग्णांना धीर आला असता, भीती आणि तिरस्कार थोडा तरी ओसरला असता, असे मानणाऱ्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. परंतु बोलण्याची किंमत कोणाला मोजावी लागली असती, हेही विसरता येत नाही. आजारी माणसाने आपले दुखणे समाजाच्या शिक्षणासाठी खुले करावे, ही अपेक्षा रास्त असली तरी तो हक्क होऊ शकत नाही. फ्रेडीला उरलेल्या दिवसांत रुग्ण म्हणून मिरवायचे नव्हते. त्याला गायचे होते.

मागे उरलेले

२० एप्रिल १९९२ रोजी पुन्हा वेम्बलीवरच ७२ हजार लोक जमले. एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, जॉर्ज मायकेल, अ‍ॅनी लेनॉक्स, लायझा मिनेली अशा कलावंतांनी फ्रेडीची गाणी गायली आणि अभिनेत्री एलिझाबेथ टेलर एड्सविषयी थेट बोलली. जे त्याने हयातीत टाळले ते त्याच्या नावाने आता जगासमोर घडत होते. या मैफलीतून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला आणि विविध देशांतील एड्सविरोधी कार्याला त्याने अर्थसाह्य केले. पुन्हा प्रसिद्ध झालेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९९१च्या नाताळात ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा अग्रस्थानी पोहोचले होते; त्याचे उत्पन्नही एड्सविषयक कार्यालाच गेले.

त्यानंतर फ्रेडीवर हक्क सांगणारे वाढतच गेले. माँत्रोच्या सरोवराकाठी १९९६ साली त्याचा पुतळा उभारला गेला. झांजिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा सोहळा धार्मिक गटांच्या विरोधामुळे रद्द करावा लागला. पण २०१९मध्ये तेथेच त्याचे संग्रहालय सुरू झाले. २०१६ साली फेल्टमच्या घरावर निळा स्मृतिफलक लागला. पाचगणीत सेंट पीटर्सच्या आवारापर्यंत देशोदेशीचे चाहते येतात. २०१८च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाने नव्या पिढीला त्याची ओळख करून दिली आणि रामी मलेक याला ऑस्कर मिळवून दिले. ‘लाइव्ह एड’पूर्वीच फ्रेडी सहकाऱ्यांना आजाराविषयी सांगतो, असे त्यात दाखवले आहे. वास्तवात निदानच त्या मैफलीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाले. लोकांना त्या वीस मिनिटांत मृत्यूची छाया पाहायला आवडते. पण ती वीस मिनिटे निखळ आनंदाची आणि मेहनतीची होती.

सप्टेंबर २०२३मध्ये मेरी ऑस्टिनने गार्डन लॉजमधील त्याच्या वस्तूंचा लिलाव लंडनमध्ये केला. पियानोला १७ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. मुकुट, झगे, फर्निचर, मांजरांच्या आठवणी असे सारे विकले गेले. एका विमान कंपनीच्या छापील कागदांवर पेन्सिलने आणि शाईने लिहिलेली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची पानेही त्यात होती. त्यांवरून कळले की, शीर्षकासाठी ‘मंगोलियन’ हा शब्दही कधीकाळी त्याच्या मनात होता. खोडलेल्या ओळी, पुन्हा लिहिलेल्या ओळी यांतून अवलियापेक्षा घाम गाळणारा कारागीरच अधिक दिसतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही हाती लागलेली नाही. फ्रेडीच्या अस्थी कोठे ठेवल्या, हे त्याच्या इच्छेनुसार मेरी ऑस्टिनने कोणालाही सांगितलेले नाही. आवाज, गाणी, मुकुट आणि मिशी सर्वांची झाली. पाचगणीच्या वसतिगृहात राहणारा, हसताना ओठांआड दात झाकणारा फारुख मात्र त्याने स्वतःपाशीच ठेवला.